अर्ध्या तासाचा ऊस आणि पुन्हा उभी राहणारी लढाई

ऑनलाइन खेळांतील प्रतीक्षेचे घड्याळ आणि डावाचे पुनर्दर्शन यांमागे नेमके काय चालते?

बीड जिल्ह्यातील एखाद्या जाणत्या शेतकऱ्याला ऊस किती दिवसांत तोडणीला येतो असे विचारले, तर तो आधी लागणीचा हंगाम विचारील. सुरू उसाला साधारण बारा महिने, पूर्वहंगामी उसाला चौदा-पंधरा आणि आडसालीला सोळा ते अठरा महिने, हा त्याचा हिशेब ठरलेला असतो. सोयाबीन शंभर दिवसांच्या आसपास काढणीला येते आणि कापसाच्या पहिल्या वेचणीसाठी पेरणीनंतर चार-पाच महिने थांबावे लागते. हाच प्रश्न त्याच्या शाळकरी नातवाला विचारला, तर उत्तर वेगळे मिळण्याची शक्यता आहे. सोयाबीन वीस मिनिटांत, ऊस अर्ध्या तासात आणि कापूस अडीच तासांत, असे तो मोबाइलवरून नजर न हलवता सांगेल.

नातवाचे उत्तर चुकीचे नाही. फिनलंडमधील सुपरसेल या कंपनीने २०१२ मध्ये आणलेल्या 'हे डे' या शेतीच्या खेळात या तीन पिकांना एवढाच वेळ लागतो. बीडच्या शिवारातील तीन प्रमुख पिके त्या खेळात एकत्र यावीत हा योगायोग असला, तरी तो विचार करायला लावणारा आहे. आजोबांची प्रतीक्षा निसर्गाने ठरवलेली असून ती पैसे देऊन टळत नाही. नातवाची प्रतीक्षा दूरदेशीच्या कंपनीने मोजूनमापून ठरवलेली आहे आणि ती पैसे देऊन टाळता येते. किंबहुना, ती टाळण्यासाठी कोणीतरी पैसे द्यावेत म्हणूनच ती तेथे ठेवली आहे.

ऑनलाइन खेळांविषयी आपल्याकडे बोलले जाते ते बहुधा तक्रारीच्या सुरात. मुले तासन्‌तास खेळतात, अभ्यास होत नाही, पैसे जातात, अशा त्या तक्रारी असतात आणि त्या निराधार नाहीत. परंतु हे खेळ आतून कसे चालतात हे ठाऊक नसेल, तर तक्रारीचे रूपांतर उपायात होत नाही. खेळाडूला थांबायला लावणारे घड्याळ आणि संपलेला डाव पुन्हा जसाच्या तसा दाखविणारी नोंद, या दोन यंत्रणा त्या दृष्टीने समजून घेण्यासारख्या आहेत. पहिली वेळ विकते आणि दुसरी वेळ जपून ठेवते.

घड्याळ असते तरी कोठे?

पडद्यावर '२९ मिनिटे ५८ सेकंद' असा आकडा उलटा धावताना दिसला, की मोबाइलच घड्याळ चालवीत आहे असे वाटते. प्रत्यक्षात बहुतेक ऑनलाइन खेळांत उसाचे बेणे लावताच कंपनीच्या मध्यवर्ती संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, फक्त एक नोंद होते : अमुक खेळाडूने अमुक वेळी ऊस लावला, तो अमुक वेळी तयार होईल. त्यानंतर सर्व्हर त्या उसाकडे ढुंकूनही पाहत नाही. खेळाडू पुन्हा खेळ उघडतो तेव्हा सर्व्हर आपल्या घड्याळातील वेळ पाहतो, नोंदीतील वेळेशी वजाबाकी करतो आणि ऊस तयार आहे की नाही ते सांगतो. मधल्या काळात मोबाइल बंद होता, वीज गेली होती किंवा गावात रेंज नव्हती, याने काहीही फरक पडत नाही. लाखो खेळाडूंच्या कोट्यवधी रोपांची वाढ सतत मोजत बसण्यापेक्षा, विचारणा होईल तेव्हा एक वजाबाकी करणे किती स्वस्त पडते, हे सहज लक्षात येईल.

यावरून मुलांमध्ये प्रसिद्ध असलेल्या एका युक्तीचाही उलगडा होतो. मोबाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन घड्याळ पुढे सरकवले, की प्रतीक्षा संपते, असे एकमेकांना सांगितले जाते. ज्या खेळांचा हिशेब मोबाइलच्याच घड्याळावर अवलंबून असतो, तेथे ही युक्ती चालते. हिशेब सर्व्हरवर होत असेल तर मात्र मोबाइलमध्ये कोणतीही तारीख टाका, सर्व्हर आपलीच वेळ खरी मानतो. उलट, मोबाइलची तारीख चुकीची असली की सुरक्षित संपर्कासाठी लागणारी प्रमाणपत्रे अवैध ठरतात आणि इतर ॲप्सही अडखळू लागतात. घरातील मोबाइलची तारीख अचानक दोन दिवस पुढे गेलेली दिसली, तर तो बिघाडच असेल असे समजण्याचे कारण नाही.

थांबायला लावण्याचा इतिहास

खेळात खऱ्या वेळेची प्रतीक्षा घालण्याची कल्पना मोबाइलपेक्षा जुनी आहे. १९९६ मध्ये जपानच्या बांदाई कंपनीने 'तामागोची' हे अंड्याच्या आकाराचे खेळणे बाजारात आणले. त्यातील इवल्याशा प्राण्याला ठरावीक वेळी खाऊ घालावे लागे. दुर्लक्ष झाले तर तो मरे. पुढे इंटरनेटवर 'ओगेम' (२००२) आणि 'ट्रॅव्हियन' (२००४) हे ब्राउझरमधून खेळावयाचे खेळ आले. त्यांत खाण बांधायला काही तास लागत आणि शत्रूच्या गावावर पाठवलेले सैन्य पोहोचायलाही तास मोजावे लागत. मंदगती इंटरनेटच्या आणि सायबर कॅफेच्या त्या काळात ही रचना सोयीचीच होती. दहा मिनिटे कॅफेत बसावे, हुकूम सोडावेत आणि दुसऱ्या दिवशी निकाल पाहावा, असे करता येत असे.

जून २००९ मध्ये फेसबुकवर 'फार्मव्हिल' आले आणि या कल्पनेला व्यापाराचे रूप लाभले. त्यातील स्ट्रॉबेरी चार तासांत तयार होई. पण वेळेवर काढली नाही तर सुकून जाई. खेळाडूला परत बोलावण्याचे हे दुहेरी साधन होते. या खेळासाठी कार्यालयात काम करणारी प्रौढ माणसे गजर लावून उठत. ज्या तंत्रावर तो उभा होता त्या फ्लॅशचा आधार संपल्याने ३१ डिसेंबर २०२० रोजी मूळ 'फार्मव्हिल' बंद झाले. त्याने घालून दिलेला पायंडा मात्र उरला. २०१२ मधील 'कँडी क्रश सागा'ने तोच प्रयोग वेगळ्या रीतीने केला. त्यात पाच 'जीव' मिळतात, हरलात की एक जातो आणि गेलेला प्रत्येक जीव अर्ध्या तासाने परत येतो. म्हणजे पाचही गमावणाऱ्याला पूर्ण भरपाईसाठी अडीच तास थांबावे लागते.

वेळेसाठी रात्री उठणे ही बीडच्या शेतकऱ्याला अपरिचित गोष्ट नाही. मराठवाड्यात शेतीपंपांना रात्रीच्या पाळीने वीज मिळत असल्यामुळे कडाक्याच्या थंडीत विजेरी घेऊन पाणी द्यायला जाणे, हे अनेक वर्षे त्याच्या वाट्याला आले आहे. फरक इतकाच की, तेथे वीज कमी होती म्हणून माणूस रात्री उठत होता. खेळात कशाचीही खरी टंचाई नाही. अर्ध्या तासाऐवजी अर्ध्या सेकंदात ऊस उगवला, तरी कंपनीचा एक पैसाही अधिक खर्च होणार नाही. खेळातील टंचाई ही निर्माण केलेली टंचाई आहे.

ती का निर्माण करतात, याची कारणे तीन सांगता येतील. पहिले कारण म्हणजे खेळाचा सगळा मजकूर एका दिवसात संपू नये. प्रतीक्षा नसेल तर उत्साही खेळाडू आठवडाभरात शेवट गाठेल आणि खेळ सोडून देईल. दुसरे कारण सवयीचे आहे. एकदा चार तास बसून खेळण्यापेक्षा दिवसातून आठ वेळा पाच-पाच मिनिटे डोकावणारा खेळाडू अधिक काळ टिकतो, कारण खेळ त्याच्या दिनक्रमात मिसळून जातो. अपुरे राहिलेले काम पूर्ण झालेल्या कामापेक्षा मनात अधिक रेंगाळते, असे ब्ल्यूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ महिलेने १९२७ मध्ये मांडले होते. नंतरच्या सर्वच प्रयोगांनी त्याला सारखा दुजोरा दिलेला नसला, तरी अर्धवट बांधलेला बुरूज आणि '११ मिनिटे बाकी' हा आकडा मनाला कसा खुणावतो, हे खेळणाऱ्यांना सांगावे लागत नाही. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे पैसा.

मिनिटाचा भाव, दिवसाचा भाव

सुपरसेलचाच 'क्लॅश ऑफ क्लॅन्स' हा २०१२ मधील खेळ पाहू. यात गाव वसवायचे, तटबंदी करायची आणि दुसऱ्यांच्या गावांवर हल्ले करायचे असतात. सुरुवातीची बांधकामे काही सेकंदांत होतात. पुढे तासांत आणि नंतर एकेका बांधकामाला दिवसच्या दिवस लागतात. थांबायचे नसेल तर 'जेम' नावाची हिरवी रत्ने खर्च करावी लागतात. ही रत्ने खेळातही थोडीफार मिळतात आणि खऱ्या पैशांनीही विकत घेता येतात. या खेळात अनेक वर्षे प्रचलित असलेला भाव असा : एक मिनिट टाळायला एक रत्न, एक तास टाळायला २०, एक दिवस टाळायला २६० आणि सात दिवस टाळायला १,०००.

हा भाव तासाच्या हिशेबात मांडला की त्यातील मेख ध्यानात येते. मिनिटाच्या दराने तास विकत घेतला तर ६० रत्ने पडतात. तासाच्या दराने २०. दिवसाच्या दराने सुमारे ११ आणि आठवड्याच्या दराने जेमतेम ६. घाऊक खरेदी स्वस्त पडावी तसा हा प्रकार आहे. त्यामुळे शेवटची दोन मिनिटे टाळणे 'फक्त दोनच रत्नांचे' म्हणून क्षुल्लक वाटते आणि सात दिवस एकदम टाळणे 'फायद्याचे' वाटते. दोन्हीकडून खिशाला हात जातो. रुपयांचे आधी रत्नांत रूपांतर केल्यामुळे आपण किती रुपये खर्च केले हे चटकन कळतही नाही. जत्रेत पाळण्याची तिकिटे आधीच घेऊन ठेवली, की शेवटी हिशेब लागत नाही, त्यातलाच हा अनुभव.

येथे एक न्याय्य गोष्ट नोंदवली पाहिजे. प्रतीक्षा हा खेळातील अपरिहार्य नियम नसून तो बदलता येतो, हे या कंपनीनेच दाखवून दिले. मार्च २०२५ मध्ये 'क्लॅश ऑफ क्लॅन्स'मधून सैन्य तयार होण्यासाठी लागणारा वेळ काढून टाकण्यात आला. आता हल्ला संपताच दुसरा हल्ला करता येतो. बांधकामाची प्रतीक्षा मात्र कायम आहे. या बदलाचा उलट परिणामही पालकांनी ध्यानात घ्यावा. पूर्वी सैन्य तयार होईपर्यंत खेळाडूला सक्तीची विश्रांती मिळे आणि मोबाइल खाली ठेवण्याचे निमित्त सापडे. ते निमित्त आता उरले नाही. प्रतीक्षा पैसे मागते तशी ती कधीकधी थांबवतेही.

चित्रफीत नव्हे, चालींची वही

आता दुसऱ्या यंत्रणेकडे वळू. 'क्लॅश ऑफ क्लॅन्स'मध्ये आपण झोपलेले असताना कोणी आपल्या गावावर हल्ला केला, तर सकाळी तो संपूर्ण हल्ला पुन्हा पाहता येतो. कोणता सैनिक कोठून शिरला आणि कोणती भिंत आधी पडली हे सारे दिसते. 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया'सारख्या नेमबाजीच्या खेळात आपण मारले गेल्यावर, मारणाऱ्याच्या नजरेतून तो क्षण पाहता येतो. यालाच रिप्ले किंवा पुनर्दर्शन म्हणतात.

पुनर्दर्शन म्हटले की आपल्याला क्रिकेट आठवते. नोव्हेंबर १९९२ मध्ये डर्बनच्या कसोटीत दूरचित्रवाणीवरील पुनर्दर्शन पाहून धावबाद ठरविला गेलेला पहिला फलंदाज होता सचिन तेंडुलकर. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये बेनोनी येथे एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९६ धावा करणारा बीडचा सचिन धस आपण पाहिला आणि त्या खेळीची क्षणचित्रे बीडमध्ये मोबाइलवर पुन:पुन्हा पाहिली गेली. ही पुनर्दर्शने म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली चित्रफीत होय. ऑनलाइन खेळातील रिप्ले मात्र बहुधा चित्रफीत नसते. तेथे लढाईचे चित्र साठवलेले नसते. लढाई पुन्हा एकदा लढवली जाते.

हे कसे घडते, ते बुद्धिबळाच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. जुलै २०२५ मध्ये बातुमी येथे नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हंपीला हरवून महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. त्या अंतिम लढतीचे डाव आज कोणालाही आपल्या पटावर मांडता येतात आणि त्यासाठी चित्रफीत लागत नाही. चालींची यादी पुरते. प्रत्येक डावाची सुरुवात सारखी असते आणि नियम ठरलेले असतात. म्हणून केवळ चाली क्रमाने केल्या, की पटावर तीच स्थिती उभी राहते. चाळीस चालींचा डाव पोस्टकार्डावर मावतो.

संगणकी खेळांनी हीच रीत उचलली. १९९३ मधील 'डूम' या खेळात सेकंदाचे ३५ भाग केलेले होते आणि प्रत्येक भागात खेळाडूने काय केले, म्हणजे पुढे गेला, वळला की गोळी झाडली, याची नोंद अवघ्या चार बाइटमध्ये होई. सेकंदाला १४० बाइट, म्हणजे दहा मिनिटांच्या खेळाला सुमारे ८४ हजार बाइट. याउलट सेकंदाला पाच मेगाबिट या साधारण दर्जाने पडद्याची चित्रफीत घेतली, तर दहा मिनिटांना सुमारे ३७५ मेगाबाइट आणि तासाला सव्वादोन गिगाबाइट लागतात. चालींच्या वहीपेक्षा चित्रफीत साडेचार हजार पटींच्या आसपास जड झाली. दिवसाला दीड-दोन जीबीच्या पॅकवर चालणाऱ्या घरात हा फरक फार मोठा आहे.

पण चालींच्या वहीला एक अट असते. तोच आरंभ, तेच नियम आणि त्याच चाली दिल्या तर निकाल दर वेळी अगदी तोच यायला हवा. खेळात तर नशिबाचा भाग असतो. मग तो पुन्हा तसाच कसा यावा? याचे उत्तर असे, की संगणकाचे नशीब खरे नसते. 'डूम'मध्ये २५६ आकड्यांची एक ठरलेली यादी होती आणि खेळ 'यदृच्छया' आकडा हवा असेल तेव्हा तीतूनच क्रमाने उचलीत असे. आजचे खेळ एका बीजसंख्येपासून गणिताने आकडे काढतात. बीज तेच दिले, की नशीबही तेच येते.

याच अटीमुळे खेळाडूंना चक्रावून टाकणारी एक गोष्ट घडते. खेळाची नवी आवृत्ती आली, की जुने रिप्ले उघडेनासे होतात. नोंद पुसली गेलेली नसते; नियम बदललेले असतात. नव्या आवृत्तीत तोफेचा मारा थोडा वाढविला असेल, तर जुन्या चाली नव्या नियमांवर चालवताना जो सैनिक तेव्हा वाचला होता तो आता मरेल आणि पुढची सारी लढाईच वेगळी होईल. खोटी लढाई दाखविण्यापेक्षा ती न दाखवणे खेळ पसंत करतो. म्हणून एखादा डाव कायमचा जपायचा असेल, तर आवृत्ती बदलण्यापूर्वी त्याची चित्रफीत करून ठेवणे हाच मार्ग उरतो.

'मी तर आडोशाला होतो!'

नेमबाजीच्या खेळांत अनेक माणसे एकाच वेळी धावत असल्याने बहुधा दुसरी पद्धत वापरतात. सर्व्हर ठरावीक अंतराने प्रत्येकाची जागा, दिशा आणि कृती टिपून ठेवतो. रिप्ले दाखवताना मधल्या जागा अंदाजाने भरल्या जातात. या पद्धतीतून मित्रांमध्ये वारंवार होणारा एक तंटा जन्म घेतो. मारला गेलेला म्हणतो, 'मी तर भिंतीआड पोहोचलो होतो'. मारणारा म्हणतो, 'मला तू समोर दिसत होतास'. रिप्ले पाहिला, तर मारणारा खरा ठरतो आणि पहिल्याला फसवणूक झाल्यासारखे वाटते.

खरे म्हणजे दोघेही खरे बोलत असतात. मोबाइलवरून निघालेला संदेश सर्व्हरपर्यंत पोहोचायला सेकंदाचा काही अंश लागतो आणि नेटवर्क दुबळे असेल तर तो अंश वाढतो. त्यामुळे प्रत्येक खेळाडू दुसऱ्याला किंचित भूतकाळात पाहत असतो. गोळी झाडल्याचा संदेश आला, की सर्व्हर आपल्या नोंदवहीत तेवढा मागे जातो, झाडणाऱ्याला त्या क्षणी समोरचा कोठे दिसत होता ते पाहतो आणि त्यानुसार निकाल देतो. व्हॉल्व्ह कंपनीच्या 'हाफ-लाइफ' परिवारातील खेळांनी दोन दशकांपूर्वी ही रीत रूढ केली. सर्व्हरची ही तात्पुरती नोंदवही म्हणजे एका परीने लहानसा रिप्लेच असतो. येथे प्रतीक्षा आणि नोंद या दोन्ही यंत्रणा एकमेकींना भेटतात : संदेशाला लागलेल्या विलंबाची भरपाई नोंदीने केली जाते. 'चीटिंग केली' असा आरोप करून मैत्री तोडण्यापूर्वी हे ध्यानात घेतलेले बरे.

पुनर्दर्शनाचा खरा उपयोग शिकण्यासाठी होतो. हरल्यावर लगेच दुसरा डाव मांडणारा खेळाडू तीच चूक पुन्हा करतो. हरलेला डाव पाहणाऱ्याला चूक सापडते. बुद्धिबळपटू पूर्वापार हेच करीत आले आहेत. हल्ल्याच्या रिप्लेत आपली तटबंदी कोठे उघडी पडली हे मुलाला दिसते, तेव्हा तो कारण आणि परिणाम यांची साखळी उलट्या दिशेने जोडायला शिकतो. गणिताच्या वहीत चुकलेले उदाहरण तपासण्याची सवय याहून फार वेगळी नाही.

मोबाइलच्या पडद्याची चित्रफीत करून ती इतरांना पाठविणाऱ्यांनी मात्र एक धोका ओळखावा. खेळाचा स्वतःचा रिप्ले फक्त खेळ दाखवतो. पडदा टिपणारी चित्रफीत पडद्यावर येईल ते सारे टिपते. मध्येच आलेला बँकेचा संदेश, ओटीपी, नातेवाइकाचा क्रमांक आणि मायक्रोफोन चालू असेल तर घरातील बोलणेही तीत येते. चित्रण सुरू करण्यापूर्वी सूचना बंद ठेवणे हा साधा उपाय आहे.

कायदा काय म्हणतो?

गेल्या काही वर्षांत या क्षेत्रात सरकारी हस्तक्षेप वाढला आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲप्सवर बंदी घातली, त्यांत पबजीही होते. जुलै २०२१ मध्ये भारतासाठी 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' आले, जुलै २०२२ मध्ये तेही ॲपच्या दुकानांतून हटले आणि मे २०२३ मध्ये परतले, तेव्हा अठरा वर्षांखालील खेळाडूंना दिवसाला तीन तास आणि प्रौढांना सहा तास अशी मर्यादा त्यात होती. चीनने २०२१ मध्ये याहून कठोर पाऊल उचलून अल्पवयीनांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढीच मुभा दिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात खेळण्यावरील ताबा सुटण्याच्या विकाराला स्थान मिळाले आहे. मात्र त्याचे निदान करताना साधारणपणे बारा महिन्यांची लक्षणे पाहिली जातात. सुटीत चार दिवस अति खेळलेला मुलगा रुग्ण ठरत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संमत केला. पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर त्याने बंदी आणली. ई-क्रीडा आणि निव्वळ करमणुकीचे खेळ वेगळे मानले. प्रतीक्षा टाळण्यासाठी रत्ने विकत घेणारा खेळाडू पैसे जिंकण्याच्या आशेने ती घेत नाही, त्यामुळे या बंदीचा रोख त्याच्याकडे नाही. त्याच्या दृष्टीने अधिक कामाची आहेत ती ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित झालेली, ग्राहकाला फसविणाऱ्या रचनांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे. त्यांत तेरा प्रकार नमूद असून 'खोटी निकड' हा त्यांतील एक आहे. खरोखर चालणारे घड्याळ म्हणजे खोटी निकड नव्हे. पण 'ही सवलत फक्त दहा मिनिटे' असे सांगून दहा मिनिटांनी तीच सवलत पुन्हा दाखवली, तर तो प्रकार या व्याख्येत बसू शकतो. अशा तक्रारींसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे.

घरात काय करता येईल?

पहिला उपाय म्हणजे मोबाइलच्या ॲप-दुकानात प्रत्येक खरेदीसाठी पासवर्ड विचारला जाईल अशी व्यवस्था करणे आणि यूपीआयचा पिन मुलांना न सांगणे. दुसरा, खेळाच्या सूचना बंद करणे. 'तुमचा ऊस तयार आहे' हा संदेश आला नाही, तर परत बोलावणारी दोरीच कापली जाते. 'हे डे'मधील पीक तर वाट पाहते, सुकत नाही. तिसरा उपाय घड्याळालाच कामाला लावण्याचा आहे. दीर्घ बांधकामे झोपण्यापूर्वी किंवा शाळेत जाण्यापूर्वी सुरू करून द्यावीत. प्रतीक्षा मग त्रास न राहता सुटीची हमी होते. चौथा, हरल्यावर पुढचा डाव मांडण्याआधी मागच्याचा रिप्ले पाहण्याचा नियम घरात करावा. त्याने डावांची संख्या आपोआप घटते.

'मोबाइल काढूनच घ्या' हा सल्ला देणे सोपे आहे. बीड जिल्ह्यातील अनेक घरांत तो पाळता येण्यासारखा नाही. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातून लाखो माणसे मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मागे राहिलेली मुले आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात असतात. मुलाच्या हातातील तोच मोबाइल आई-वडिलांचा चेहरा दाखवतो आणि त्याच मोबाइलवर तो खेळही असतो. तो काढून घेणे म्हणजे संध्याकाळचा फोन काढून घेणे होय. आजी-आजोबांना रत्न म्हणजे काय, ते कोठून येते आणि किती रुपयांना पडते, हे कोणी तरी शांतपणे समजावून देणे याहून अधिक उपयोगी ठरेल. शाळेतील शिक्षक किंवा वसतिगृहाचे अधीक्षक हे एका तासात करू शकतात.

प्रतीक्षा बीडकरांना नवी नाही. अहिल्यानगरहून बीडला रेल्वे यावी म्हणून त्यांनी सुमारे तीन दशके वाट पाहिली आणि ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी धावली. पावसाची आणि कारखान्याच्या पट्टीची वाट तर दरवर्षीचीच. या प्रतीक्षांचे घड्याळ पडद्यावर दिसत नाही आणि रत्ने देऊन ते पुढेही ढकलता येत नाही. खेळातल्या अर्ध्या तासाच्या उसासाठी पैसे मोजण्याआधी मुलाला एवढेच विचारावे, की हा अर्धा तास कोणी ठरवला आणि कशासाठी? प्रश्नाचे उत्तर त्याला स्वतःला देता आले, की त्याच्या हातातील खेळ पुन्हा खेळ होईल.